हाताला कळायला वेळ लागतो

सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वीस वर्षांचा होतो. मे महिना, चंद्रपूर जिल्ह्यातलं ऊन, मूलपर्यंतच्या एसटी प्रवासाने घशाला पडलेली कोरड. पोचल्या पोचल्या साठीतल्या एका गृहस्थांनी माठातलं पाणी ग्लासात ओतून माझ्यापुढे धरलं. त्यांच्या हातांची बोटं आत वळून आखडलेली होती, दोन बोटं तर अर्धीच. त्यामुळे ग्लास त्यांनी दोन तळव्यांच्या मध्ये दाबून धरला होता. मी तो घेतला, ओठांना लावल्यासारखं केलं, आणि ते वळल्याबरोबर पाणी शेजारच्या झाडाच्या आळ्यात ओतून दिलं.

कुष्ठरोगाविषयी मला तेव्हा माहिती नव्हती असं नाही. बहुतेक माणसांच्या शरीरात या जंतूचा मुकाबला करण्याची ताकद उपजतच असते, बरा झालेला माणूस कुणालाही आजार देत नाही, हे मी वाचलं होतं. शिबिराला येण्याआधी आईची समजूतही मीच घातली होती. पण डोक्याला कळलेलं हाताला कळलं नव्हतं. पूर्वग्रहाविषयी आपण बोलतो तेव्हा तो अज्ञानातून येतो आणि माहितीने जातो, असं धरून चालतो. माझा अनुभव वेगळा आहे. पूर्वग्रहाची वस्ती अंगात असते. हात आखडणं, अर्धं पाऊल मागे सरणं, पदर सावरून घेणं, ही त्याची भाषा. म्हणून तो जातोही अंगानेच, काहीतरी प्रत्यक्ष केल्याने.

सोमनाथ ज्यांनी उभं केलं त्या बाबा आमट्यांची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे, पण ती करुणेची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला ती भयाची गोष्ट वाटते. वरोऱ्यात वकिली करणारा, सफाई कामगारांसोबत डोक्यावरून मैला वाहिलेला हा धाडसी माणूस. एका पावसाळी संध्याकाळी रस्त्याकडेला त्यांना तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण दिसला. बोटं झडलेली, जखमांत किडे पडलेले, जीव जेमतेम उरलेला. बाबा तिथून पळाले. मग परत आले, त्याला खाऊ घातलं, पावसापासून आडोसा केला. तुळशीराम वाचला नाही. पण पळालो ही गोष्ट बाबांना सोडेना. ज्याला गांधीजींनी ‘अभय साधक’ म्हटलं, तो एका मरणाऱ्या माणसाला भ्यायला होता. पुढचं आयुष्यभराचं काम त्या बोचणीतून उभं राहिलं. कोणावर उपकार करायचे म्हणून नव्हे, तर स्वतःच्या मनात भीतीने बळकावलेली जागा सोडवून घ्यायची म्हणून, असं मी समजतो.

रोगाचं म्हणाल तर त्याची खरी हकिगत आपल्या कल्पनेपेक्षा फार साधी आहे. नॉर्वेच्या हान्सेनने 1873 साली जंतू शोधला. हा जंतू अतिशय संथ वाढतो. लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत अनेकदा पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. तो नसांवर हल्ला करतो आणि त्या भागाची संवेदना जाते. बोटं रोगाने सडून गळतात ही समजूत चुकीची होती. वेल्लोरला शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं जातात ती जखमांनी. चुलीवरच्या भांड्याने भाजलेलं कळत नाही, पायात रुतलेला काटा कळत नाही, जखम चिघळते आणि हळूहळू अवयव झिजतो. 1980च्या दशकापासून बहुविध औषधोपचार आला. गोळ्यांची पाकिटं आज प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात आणि सहा महिने ते वर्षभरात माणूस बरा होतो.

तरी चट्टा दिसला की माणूस आधी बाही खाली ओढतो. डॉक्टरकडे जायचं म्हणजे गावाला कळणार, मुलीचं लग्न अडणार, सून माहेरी जाणार. उपचारांतल्या एका गोळीने कातडी काळवंडते, त्यानेही बभ्रा होईल ही धास्ती. मग वर्ष जातं, दोन वर्षं जातात, हात वाकडा होतो. त्या वाकड्या हाताकडे बघून गाव म्हणतं, ‘बघा, महारोग असा असतो.’ ज्या विद्रूपतेला आपण भितो, तिच्यातली कितीतरी आपल्या भीतीनेच घडवलेली असते. माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे. कारण इथे जंतूचा दोष थोडा आणि आपला फार.

आणि हे फक्त गावातल्या अडाणी माणसांचं नाही. कुष्ठरुग्णांना कोंडून ठेवण्याचा 1898चा कायदा आपल्याकडे 2016पर्यंत पुस्तकात होता. जोडीदाराला कुष्ठरोग आहे एवढ्या कारणावर घटस्फोट मागण्याची सोय 2019 साली काढली गेली. औषध हाती येऊन तीसहून अधिक वर्षं झाली होती. सरकारच्या हातालाही कळायला वेळच लागला.

खुद्द डॉ. ब्रँड यांनी आपली एक रात्र लिहून ठेवली आहे. लांबच्या प्रवासानंतर एकदा मोजे काढताना त्यांच्या लक्षात आलं की टाचेला स्पर्श कळत नाही. सुई टोचली, काही नाही. रात्रभर ते जागे होते. घरच्यांपासून दूर राहावं लागेल, मुलांना जवळ घेता येणार नाही, असं काय काय मनात येत राहिलं. सकाळी पुन्हा सुई टोचली आणि कळ आली. प्रवासात नस दबली होती, इतकंच. त्या कळेने आपल्याला किती आनंद झाला ते त्यांनी सांगितलं आहे. या रोगाची जगातली उत्तम माहिती ज्यांच्याकडे होती त्यांची ही रात्र. मला हे वाचून धीर आला. भीती वाटणं हा गुन्हा नाही. तिला घरमालक करून ठेवणं हा मात्र आपला निर्णय असतो.

वरोऱ्याजवळ कुष्ठरुग्णांसाठी बाबांचं आनंदवन 1951 साली सुरू झालं. बाबा, त्यांच्या पत्नी साधनाताई, दोन लहानगी मुलं, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये. माळ फोडून, विहीर खोदून तिथल्या माणसांनी भाजी पिकवली, तर वरोऱ्याचे लोक ती विकत घेईनात. रोग्यांच्या हातची भाजी! पुढे परदेशी स्वयंसेवक आले, रुग्णांसोबत राहिले, जेवले, इमारती बांधू लागले. ते बघून गावातली माणसं हळूहळू आत पाऊल टाकू लागली, दूध-भाजी घेऊ लागली. आणि 1964 साली याच आनंदवनात आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झालं. ज्यांच्या हातची वांगी नको होती, त्यांनी वसवलेल्या आनंदवनात वरोऱ्याची पोरं पदवीसाठी जाऊ लागली. गाव मोठं झालं ते असं.

पण नुसतं जवळ राहिल्याने हे होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. आपल्या घरांत पिढ्यान्पिढ्या कामाला येणाऱ्या बाईचा कप वेगळा ठेवलेला असतो. रोजची भेट, रोजचं बोलणं, तरी कप खिडकीतच. अस्पृश्यतेने आपल्याला हा सराव फार जुना दिला आहे. रोग्यापुढे आखडणारा हात आणि तो कप बाजूला ठेवणारा हात एकाच शाळेत शिकलेले आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 साली पूर्वग्रहावरच्या आपल्या ग्रंथात हेच मांडलं. संपर्काने मन बदलतं, पण दोघे बरोबरीच्या नात्याने भेटले, एकाच कामाला जुंपले गेले आणि त्याला वरून मान्यता असली तर. वरोऱ्यात तेव्हा जवळपास हेच घडत होतं, पुस्तक न वाचता.

सोमनाथला मी तिसऱ्या दिवसापासून बांधावर होतो. मला बांध घालता येत नव्हता. माती कुठे ठोकायची, दगड कसा बसवायचा, हे ज्यांनी दाखवलं त्यांच्या हाताला तीनच बोटं होती. मी रचलेला दगड त्यांनी दोनदा काढून टाकला. तिसऱ्यांदा तो बसला तेव्हा ते काही बोलले नाहीत, पुढचा दगड सरकवला. त्या दुपारी पंगतीत भाकरी कोण वाढतंय हे मी पाहिलंच नाही, आणि पाहिलं नाही हेही मला रात्री आठवलं. तोवरचे दोन दिवस माझी नजर एकसारखी पहाऱ्यावर होती. कोणता नळ, कोणाची चटई, शेजारी कोण बसतंय. या पहाऱ्याला किती ताकद लागते ते तो उठल्यावरच कळतं. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

हे लिहिताना एक सावधगिरी बाळगावीशी वाटते. कुष्ठमुक्त माणूस म्हणजे माझं मन घडवण्यासाठी ठेवलेली तालीम नव्हे. माझा विकास झाला हे त्याच्या झिजलेल्या बोटांचं सार्थक होऊ शकत नाही. त्याला वेळेवर गोळ्या, काम आणि घर मिळणं ही पहिली गोष्ट. माझं मन मोकळं झालं हे त्यामागून आलेलं देणं आहे, पण ते खरं आहे. माझ्यापुरतं जग तोवर जितकं होतं त्याहून ते रुंद झालं, आणि नंतर शहरात घर भाड्याने देताना, शेजारी बसताना, मुलाच्या मित्राचं आडनाव ऐकताना माझा हात आखडला की मला तो ओळखू येऊ लागला.

शेवटच्या दिवशी निघताना मी माठाशी गेलो आणि पहिल्या दिवशीचं पाणी मी ओतून टाकलं होतं, असं त्या गृहस्थांना सांगितलं. ते मान हलवून म्हणाले, ‘मले माहीत हाय, बाबू. पयल्या दिवशी मी सगळ्यायले अर्धाच गिलास देतो. फेकला तं पानी वाया जाते.’

मग त्यांनी दोन तळव्यांत ग्लास धरून माठात बुडवला, काठोकाठ भरला, आणि सांडू नये म्हणून माझ्या हातात नीट बसेपर्यंत सोडला नाही.