चैत्रातलं पाणी

लातूर शहरात २०१९ सालापासून ‘ग्रीन लातूर वृक्ष टीम’ या नावाने एकत्र आलेली माणसं रोज रस्त्यावर उतरतात. त्यांत डॉक्टर आहेत, वकील आहेत, शिक्षक, व्यापारी, विद्यार्थी आणि घरसंसार सांभाळणाऱ्या बायकाही आहेत. दुभाजकातला कचरा काढायचा, आळी करायची, पाणी द्यायचं, कलंडलेल्या रोपाला काठी बांधायची आणि मग आपापल्या कामाला लागायचं. या कामाला रविवार नाही की सणवार नाही. सलग हजार दिवस झाल्यावरही ते थांबले नाहीत.

आम्हा नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडकरांना लातूर परकं नाही. आमची मुलं शिकायला तिथे राहतात, आजारी माणूस तिथे न्यावा लागतो. म्हणून तिथे काही चांगलं घडलं की मन आपोआप आपल्या गावाकडे वळतं. हेच लातूर २०१६ च्या एप्रिलमध्ये रेल्वेने आलेलं पाणी पीत होतं. मिरजेहून ‘जलदूत’ आली, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर पाणी घेऊन. ज्या जिल्ह्याचं वनक्षेत्र एक टक्काही भरत नाही, त्या जिल्ह्यातल्या माणसांनी त्या उन्हाळ्यात जे सोसलं त्यातून ही रोजची बादली उचलली गेली असावी, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या राज्याने मधल्या काळात झाडं लावण्याचे मोठे संकल्प केले. २०१६ ला दोन कोटी, २०१७ ला चार, २०१८ ला तेरा आणि २०१९ ला तेहतीस कोटी. संकल्प चांगलेच होते. गावोगावी मुलांनी खड्डे खणले, ओळीने रोपं लावली. पण मराठवाड्यात रोप जगलं की गेलं, हे आषाढात कळत नाही. ते चैत्र-वैशाखात कळतं. आपली काळी माती पाणी धरून ठेवते खरी, पण उन्हाळ्यात तीच आकसते, फाटते, आणि भेगेबरोबर रोपाची कोवळी मुळंही तुटतात. अशा वेळी बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा लागतो. शेजारी मडकं पुरून, त्याच्या बुडाच्या भोकात सुती वात घालून, ते दोन-तीन दिवसांनी भरावं लागतं. असे तीन उन्हाळे काढले की झाड आपलं आपण उभं राहतं. म्हणून लातूरच्या माणसांचं मला जे मोठेपण वाटतं ते किती झाडं लावली यात नाही, ते एप्रिलमध्येही येतात यात आहे.

उभ्या झाडांचेही हाल आपण बघतो. पुण्यात ‘आंघोळीची गोळी’ या संस्थेने झाडांतले खिळे काढण्याची मोहीम सुरू केली आणि ती राज्यभर पसरली. लातूरकरांनीही हे काम हाती घेतलं. जुन्या कडुनिंबातून खिळा निघताना मी जवळून पाहिलं आहे. शिकवणीची पाटी कधीच पडून गेलेली, खिळा तेवढा राहिलेला. साल वाढत वाढत खिळ्याच्या डोक्यावर चढली होती, ओठ मिटावेत तशी. आधी कडेची साल हलक्या हाताने मोकळी करावी लागली, मग पक्कड लावून, न पिळता, सरळ ओढावं लागलं. चांगला चार बोटं लांब खिळा, निम्मा गंजून काळा झालेला. भोकातून थोडा डिंक आला. खिळा काढणारा पोरगा बोटाने ती जागा पुसत राहिला, आपल्याच माणसाची जखम पुसावी तसा.

आता गावातल्या जुन्या रस्त्यांकडे पाहा. मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या पेठेत वयस्कर माणसाला विचारलं तर तो रस्ता झाडांवरून सांगतो. चिंचेपाशी वळा, पिंपळाच्या पाराला या. रस्ते रुंद झाले, ते होणं भागच होतं. पण पार गेले, आणि पारावर बसणारी माणसंही घरात गेली. जी झाडं उरली त्यांच्या बुंध्याला भिडवून सिमेंट ओतलं गेलं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात सांगितलं की झाडाभोवती एक मीटर जागा सिमेंटविना सोडावी. एक मीटर म्हणजे किती? एक माणूस मांडी घालून बसेल एवढी. तेवढीही जागा आपल्या झाडांना मिळू नये याचं वाईट वाटतं.

आणि झाडांबरोबर रस्त्यावरून आणखी एक गोष्ट गेली, ती म्हणजे हाताने काढलेलं अक्षर. तालुक्याच्या प्रत्येक गावात एक तरी पेंटर असायचा. दुकानाची पाटी, शाळेची भिंत, जत्रेतला पाळणा, ट्रॅक्टरच्या मागचं नाव, सगळं त्याच्या कुंचल्याचं. फ्लेक्स आला आणि त्याचे डबे वाळले. उद्या रस्त्यालगतच्या भिंती रंगवायच्या असतील तर त्या या हातांकडून रंगवून घ्याव्यात. कुठूनतरी उचललेली चित्रं नकोत. आपल्याकडे काढण्यासारखं काय कमी आहे? मुखेड-कंधारच्या मातीतला लाल कंधारी बैल आहे. आपलं चालुक्य वळणाचं दशरथेश्वराचं मंदिर आहे, शेजारच्या देगलूर तालुक्यात होट्टलची मंदिरं आहेत. दगडात एवढं कोरून ठेवलेल्या मुलखात शाळेच्या भिंतीवर चित्राला जागा व्हायलाच हवी.

रस्त्यावर कलेला अशी जागा मिळणं मुंबईत काळा घोडा परिसरात घडलेलं आहे. १९९८ मध्ये तिथल्या लोकांनी आणि कलाप्रेमींनी काळा घोडा असोसिएशन स्थापन केलं, पुढच्या वर्षापासून रस्त्यावर कला महोत्सव भरू लागला, आणि त्यातून मिळणारा पैसा त्याच भागातल्या जुन्या वास्तूंच्या डागडुजीला लागला. ज्या पुतळ्यावरून नाव पडलं तो एडवर्ड राजाचा घोडा १९६५ मध्येच तिथून हलवला होता. तरी लोकांनी नाव सोडलं नाही, आणि २०१७ मध्ये तिथे पुन्हा घोडा उभा राहिला, या वेळी स्वाराविना. जहांगीर कलादालनाबाहेरच्या फुटपाथवर चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात, येणारा-जाणारा थांबून बघतो. मुंबईची गोष्ट मोठी, पैसाही मोठा. पण रस्ता आपला आहे असं आधी तिथल्या माणसांना वाटलं, हे तर आपल्यालाही परवडण्यासारखं आहे.

मुखेडात सुरुवात दशरथेश्वराच्या वाटेपासून व्हावी असं माझ्या मनात आहे. फार नको, एकच वाट. अरुंद जागी बकुळ आणि करंज, मोकळ्या जागी कडुनिंब, तारांखाली उंच जाणारं काही नको. भिंती गावच्या पेंटरकडे द्याव्यात, मजुरी ठरवून, रोख. खड्डे मात्र घाईने घेऊ नयेत. आधी त्या वाटेवरच्या घरोघर जाऊन एवढंच विचारावं : मावशी, चैत्रात रोपाच्या मडक्यात दोन-तीन दिवसांनी एक घागर तुमच्याकडून पडेल का? पिण्याचं पाणी विकत घेणाऱ्या घराने ‘नाही जमणार’ म्हटलं तर त्याचा राग धरू नये. जे घर ‘हो’ म्हणेल, त्याच घरासमोर खड्डा घ्यावा.