पाचवी आज्ञा, नववी आज्ञा आणि कथा



जे भोगलं ते लिहा, आडपडदा ठेवू नका, असं आपण सगळेच म्हणतो. आपल्या साहित्याचा पायाच तो. पण भोगलं कुणी आणि लिहिलं कुणी, हा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. मला तो मांडायचा आहे. मी कथा लिहितो, येशूवर माझी श्रद्धा आहे, आणि माझे जिवाभावाचे मित्र बहुतेक बौद्ध आहेत. तिन्हीकडे मला एकच प्रश्न ऐकू येतो : आमच्याबद्दल लिहिणार काय? घरचे भिऊन विचारतात, मंडळीतले दटावून विचारतात, मित्र आव्हान देऊन विचारतात.

प्रश्न हवेतला नाही. १९५० साली राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानं ठरवलं की हिंदू सोडून दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा धरायचा नाही. १९५६ साली त्यात शीख घेतले, १९९० साली बौद्ध घेतले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच. म्हणजे वस्तीत शेजारी शेजारी दोन घरं, पाणवठा दोघांनाही बंद, पण एकाच्या दारावर क्रूस लागला की सरकारदरबारी त्याची अस्पृश्यता त्या दिवशी संपली. गावच्या लेखी नाही संपत. गावाला राष्ट्रपतींचा आदेश कोण वाचून दाखवणार?

तामिळनाडूत सूसाई नावाचा एक चांभार होता. रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवायचा. सरकारनं चांभारांना टपऱ्या दिल्या, त्याला दिली नाही, कारण तो ख्रिस्ती. बिचारा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९८५ साली हरला. धर्म बदलल्यावरही छळ तितकाच तीव्र राहिला याचा पुरावा पुरेसा नाही, असं ठरलं. हातात आरी, पुढ्यात लोकांच्या वहाणा. आणखी कसला पुरावा आणायचा होता त्यानं? आणि आता अलीकडे, नोव्हेंबर २०२४ मध्ये, पुदुच्चेरीच्या एका बाईच्या खटल्यात त्याच कोर्टानं सांगितलं की ख्रिस्ती श्रद्धा पाळायची आणि नोकरीसाठी हिंदू म्हणून दाखला मागायचा, ही राज्यघटनेची फसवणूक आहे.

मग माणसं काय करतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. मंडळीच्या वहीत एक नाव, कचेरीच्या वहीत दुसरं. रविवारी उपासना, सोमवारी कागदावर हिंदू. कुठलं गाव, कुणाचं घर, हे मला विचारू नका. मी नाही म्हणूनच सांगेन.

बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ सालचा. त्या नावानं आपल्या पिढ्यांना हलवलं. आमच्यातली काही माणसं धर्म चोरतात. जात चोरणारा पकडला गेला तर मार खातो. धर्म चोरणारा पकडला गेला तर नोकरी जाते, पोरीची कॉलेजातली जागा जाते, राखीव वॉर्डातून निवडून आलेला असला तर तेही पद जातं. शिवाय वर खोटारडा म्हणून शिक्का.

आता मी कथा लिहिणारा. असं घर म्हणजे तयार कथा. दाराआड प्रार्थना चाललीय, बाहेर कचेरीतला माणूस आला, आणि येशूची तसबीर पटकन पेटीत. यापेक्षा मोठं नाट्य कुठं शोधू? पण ते छापलं, कुणी ओळखलं, कुणी अर्ज केला, तर जात पडताळणीच्या रांगेत मी उभा राहणार नाही. दुसराच कोणीतरी राहील, मला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवलेला.

दहा आज्ञांत पाचवी आई-बापाचा मान राखायला सांगते, नववी खोट्या साक्षीला मनाई करते. लहानपणी दोन्ही एका दमात पाठ केल्या. दोघींचं भांडण लागेल असं रविवारच्या शाळेत कोणी सांगितलं नाही. गप्प बसलो तर नववीला काय उत्तर देऊ? बोललो तर पाचवीला?

मित्र म्हणतो, तुम्ही लोक दुटप्पी. बाबासाहेबांनी उघड सांगून धर्म बदलला, तुम्ही लपूनछपून. हा घाव बसतो. पण मी त्याला विचारतो, १४ ऑक्टोबर १९५६ ला तुझ्या आजोबांनी दीक्षा घेतली, मग केंद्राच्या नोकरीच्या अर्जावर त्यांच्या पोरानं काय लिहिलं? १९५६ ते १९९०, चौतीस वर्षं. त्या वर्षांत मनानं बौद्ध आणि कागदावर हिंदू-महार अशी किती माणसं होती, हे तुमच्या घरच्या जुन्या ट्रंका उघडून बघा. त्यांना कोणी दुटप्पी म्हणालं तर मी भांडेन. पोटासाठी झुकले ते, आणि झुकवलं व्यवस्थेनं. तुमच्यासाठी दार उघडलं, आमच्यासाठी नाही, एवढाच फरक.

त्याचं एक म्हणणं मात्र मी मान्य करतो. धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीवर बाबासाहेबांनी लिहिलेलं इंग्रजी लेखन त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात १९८९ साली छापलं गेलं. आमच्यातल्या प्रत्येकानं ते वाचावं. चर्चमध्ये जात शिल्लक राहिली आणि अस्पृश्यांतून आलेला ख्रिस्ती अन्यायाविरुद्ध उठत नाही, ही त्यांची तक्रार आजही जागेवर आहे. आमच्यात लग्न ठरवताना अजून हळूच विचारतात, "मूळचे कोण?" प्रभुभोजनाला एका प्याल्याशी येणारी महार-मांगांची घरं सोयरिकीला एका ताटाशी येत नाहीत. यावर मी लिहिलं तर मंडळीतले म्हणतात, घरची धुणी चव्हाट्यावर नको. तिथं मी त्यांचं ऐकत नाही. एखाद्याची भाकरी लपवणं वेगळं आणि पाळक-वडीलधाऱ्यांची अब्रू लपवणं वेगळं. या दोघांना एकाच चादरीखाली झाकायला बघतात, म्हणून गोंधळ होतो.

ख्रिस्ती घरातलं सगळं मोकळेपणानं लिहिलेलं पुस्तक म्हणून लोक मला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' दाखवतात. पुस्तक थोर आहे. १८९५ साली नवऱ्यानं बाप्तिस्मा घेतला, बाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, दुसऱ्याच्या हातचं पाणी घशाखाली उतरत नव्हतं, तेही त्यांनी लिहिलं. नवऱ्याचा राग लिहिला, विक्षिप्तपणा लिहिला. पण हे स्वातंत्र्य कुठून आलं तेही बघा. त्यांचं घर ब्राह्मणाचं. गुपित फुटलं तर हसू होईल, फार तर नातेवाईक तुटतील. दाखला रद्द होणार नव्हता. शिवाय ज्यांच्याविषयी लिहिलं ते टिळक १९१९ सालीच गेले होते. आमच्या घरातली माणसं जिवंत आहेत आणि सरकारी कागदावर जगताहेत.

आमच्या जवळची आहे ती तामिळनाडूची बामा. दलित घरातली, कॅथलिक, काही काळ जोगीण. तिचं 'करुक्कु' १९९२ साली आलं. चर्चमधली जात तिनं नाव घेऊन उघडी केली. आणि रागावलं कोण? तिचंच गाव. काही महिने तिला गावात पाऊल टाकता आलं नाही. पुढं तेच लोक पुस्तक समजून घेऊ लागले. हे वाचलं की मला धीरही येतो आणि भीतीही वाटते.

मार्ग मला सापडला तो शुभवर्तमानातच. पेत्रानं कोंबडा आरवायच्या आत तीनदा येशूची ओळख नाकारली. अंगणात शेकोटीशी बसलेला, एका दासीनं विचारलं आणि हा गडी घाबरला. तो पुढं मंडळीचा म्होरक्या झाला, तरी ही गोष्ट कोणी गाळली नाही, चारही शुभवर्तमानांत आहे. मला नेहमी वाटतं, रात्री अंगणात घडलेलं हे बाहेर कसं आलं? येशूचे बाकीचे शिष्य बहुतेक पळालेले. पेत्रानंच सांगितलं असणार, रडून. ज्यानं नाकारलं त्यानंच तोंड उघडलं. दासीनं चव्हाट्यावर आणलं असतं तर ती चुगली झाली असती.

म्हणून मी एक बंधन घालून घेतलंय. माझं नाकारणं मी उघडं लिहीन. मी स्वतः किती वेळा "आडनाव काय?" या प्रश्नावर विषय बदलला, ते लिहीन. दुसऱ्याचं नाकारणं त्याला विचारल्याशिवाय नाही. कथेत गाव बदलतो, धंदा बदलतो, बाईचा पुरुष करतो. भावकीत हे लपत नाही, आपल्या माणसाला आपली चाल लांबूनच ओळखू येते, म्हणून बदलून भागत नाही, विचारावंच लागतं. पण १९५० चा आदेश मात्र मी बदलत नाही. खोटं बोलायला लावणारा कोण, तो कथेत नावानिशी राहतो. यात कथेचं नुकसान होतं. चांगले प्रसंग हातचे जातात. जाऊ देत.

याच्यापायी वेळही मोडतो. २५ डिसेंबरला सकाळी मी नाताळच्या उपासनेला असतो. संध्याकाळी मनुस्मृती दहन दिनाच्या सभेला, कारण १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ती जाळली ती याच तारखेला. घरात करंज्या तळत असतात आणि बायको विचारते, आज तरी घरी थांबाल काय? सभेत एकजण दरवर्षी विचारतो, केक आणला का? दोघांनाही उत्तर देताना मी हसतो. दोन्हीकडं जाणं मला ओझं वाटत नाही. दोन्हीकडं थोडं परकं ठरणं वाटतं.

गेल्या वर्षी एक कथा एका म्हातारीला वाचून दाखवली. नात्यातली म्हणा, ओळखीतली म्हणा. कथा तिच्या घरावरून सुचलेली. दाखल्याचा भाग आला तेव्हा माझा आवाज बसला. ती शांत ऐकत होती. म्हणाली, "ऱ्हाऊ दे त्ये. गाव-नाव तू बदललंसा. त्ये पाप सरकारचं हाये, आमचं न्हाई. पर त्यो गव्हाचा ठाव काढ."

दुष्काळात मिशनच्या आवारात गहू वाटला, ती परातीत घेऊन आली, असा प्रसंग होता. मला तो कथेतला सगळ्यात जिवंत भाग वाटत होता. म्हटलं, "आजी, भुकेल्यानं गहू घेतला यात लाज कसली?"

"लाज न्हाई रं. पर वाचणारा म्हणंल, म्हातारी गव्हासाठी बाटली. गहू मागनं आला. त्याच्या आदी पाळकाची बायको माज्या घरी आली, माज्या हातचं पाणी पेली. गावात तवर कुणी पेलं नव्हतं. म्या त्या दिशी गेले. त्ये लिही."

गव्हाचं पान मी काढलं आणि पाण्याचं घातलं. मित्र म्हणतो, कथा मवाळ झाली, गहू म्हणजे अर्थकारण होतं, पाणी म्हणजे भाबडेपणा. मी त्याला चवदार तळ्याची आठवण दिली. तो अजून भांडतोय. पुढच्या रविवारी पुन्हा बसायचं ठरलंय, उपासना सुटल्यावर.