पाणी सोडण्याची वेळ

दिवाळीच्या सुमारास कोकणात हळवी भाते कापून झालेली असतात आणि गरवी पिकत आलेली असतात. दाणा भरून लोंबी पिवळी पडू लागली की माझे वडील खाचराचा बांध एका कोपऱ्यात फोडीत आणि इतके दिवस जपलेले पाणी वाहून जाऊ देत. लहानपणी मला ते पाहवत नसे. ज्या पाण्यासाठी जूनपासून आभाळाकडे डोळे लावून बसायचे, बांधातले खेकड्यांचे एकेक बीळ बुजवायचे, तेच पाणी पीक हाताशी आल्यावर सोडून द्यायचे! वडील म्हणत, "आता त्याला पाणी नको, ऊन हवं." त्या वाक्याचा अर्थ कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली, आणि तोही डोक्याने नव्हे, पायांनी कळला.

चोपन्नाव्या वर्षी मी मुंबईची मॅरेथॉन धावायचे ठरवले. शर्यत जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी, अंतर 42.195 किलोमीटर. जुलैपासून पहाटे उठून धावत होतो. पावसात धावलो, ऑक्टोबरच्या उकाड्यात धावलो. डिसेंबरअखेर सर्वांत लांब धाव पुरी झाली आणि आमच्या गटातले एक जाणते गृहस्थ, ज्यांना आम्ही सारे काका म्हणतो, मला म्हणाले, "सर, भर घालायची वेळ आता संपली. आता फक्त बिघडवायची वेळ उरली आहे. तेवढं करू नका."

यामागचे शास्त्र साधे आहे. लांब धावेने स्नायूंचे तंतू दुखावतात. त्यांची डागडुजी होते ती धावताना नव्हे, विसाव्यात. आज केलेल्या कष्टाचे फळ शरीराच्या पदरात पडायला दहापंधरा दिवस लागतात. म्हणजे शेवटच्या आठवड्यातले कष्ट शर्यतीला फळ न देता केवळ थकवा देतात. 2007 साली जुन्या अनेक अभ्यासांचा एकत्र विचार करणारा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की, सुमारे दोन आठवडे अंतर 41 ते 60 टक्क्यांनी घटवावे. मात्र धावेचा वेग आणि धावण्याचे दिवस कमी करू नयेत.

हे सगळे मी वाचले होते. तरीही त्या दिवसांत माझी झोप उडाली. पाय जड वाटू लागले. वजन किलोभराने वाढले. स्नायूंत साठणारी शर्करा आपल्याबरोबर तिप्पट पाणी धरून ठेवते, हे ठाऊक असूनही मला तो माझ्या आळसाचा पुरावा वाटला. शर्यतीला सात दिवस उरले असताना कोणालाही न सांगता मी दादरहून नरिमन पॉईंटपर्यंत धावत गेलो आणि धावतच परत आलो. घरी आलो तेव्हा मन शांत होते. पोटरी मात्र बोलू लागली होती. पुढल्या रविवारी पेडर रोडच्या चढावर त्याच पोटरीने मला रस्त्याच्या कडेला बसवले. शर्यत मी पुरी केली, पण राहिलेली वाट बरीचशी चालत.

एमिल झाटोपेक हा तर कष्टाचा पुतळा. 1950 साली ब्रुसेल्सच्या युरोपीय स्पर्धेपूर्वी तो आजारी पडला आणि त्याला रुग्णालयात पडून राहावे लागले. तिथून उठून तो गेला आणि 5,000 व 10,000 मीटर अशा दोन्ही शर्यती जिंकून आला. त्याला जी विश्रांती आजाराने सक्तीने दिली, ती मला कोणी हात जोडून दिली असता मी नाकारली. का?

मला वाटते, त्या दिवशी मी धावलो तो शर्यतीसाठी नव्हे. भीती शमावी म्हणून धावलो. आपल्याकडे कष्टाला सद्गुणाचा मान आहे, तो योग्यच आहे; पण त्या मानाच्या आडोशाने भीतीही कष्टाचा वेष घेऊन वावरते आणि आपण तिलाच नमस्कार करतो. कष्ट करताना मनुष्याला निदान आपल्या हातात काही आहे असे वाटते. थांबल्यावर जे केले त्यावर विसंबावे लागते, आणि ते धावण्याहून अवघड आहे.

पेडर रोडच्या कडेला बसलो असताना मला माझी मुलगी आठवली. तिच्या दहावीच्या एका पेपरच्या दिवशी मी तिला पहाटे तीन वाजता उठवून भूगोल पुन्हा वाचायला बसवले होते. दुपारी परत आली तेव्हा ती एवढेच म्हणाली, "बाबा, मला सगळं येत होतं. तिथे आठवलंच नाही." तेव्हा मी तिला आणखी अभ्यासाचा उपदेश केला होता. माझी भीती मी तिच्या पायांनी धावलो, हे मला त्या चढावर कळले.

कोणी म्हणेल, हे आळशाला फावणारे तत्त्वज्ञान झाले. आक्षेप खोटा नाही. बाहेरून पाहिले तर आळस आणि विसावा यांचा चेहरा एकच दिसतो. परंतु ज्या खाचरात पाणी कधी भरलेच नाही, त्याचा बांध फोडून काय वाहणार? विसाव्याचा अधिकार श्रमानेच मिळतो. शिवाय हा विसावा म्हणजे लोळत पडणे नव्हे. अंतर घटते, वेग घटत नाही. वडीलही बांध फोडून घरी झोपत नसत. रोज शेतावर जाऊन लोंबी चोळून पाहत; फक्त तिला पाणी पाजीत नसत.

मराठीत 'पाणी सोडणे' म्हणजे हक्क सोडणे, आशा सोडणे. शेतकऱ्याचे पाणी सोडणे मात्र आशेचे असते. आपल्या हातचे संपले, उरलेले उन्हाचे, हे मान्य करण्याचे असते.

येत्या जानेवारीत मी पुन्हा धावणार आहे. मुलीला तसे कळवले, तेव्हा तिने विचारले, "शेवटच्या आठवड्यात काय करणार, बाबा?" मी म्हणालो, "तुझ्याकडे राहायला येईन. मला घराबाहेर जाऊ देऊ नकोस." ती हसली. भूगोलाच्या त्या पेपराविषयी मात्र मी तिच्याशी अजून बोललेलो नाही. त्या आठवड्यात बोलेन.