संताचा मान आणि राजाची चौकट

राजा संतापुढे नमतो तेव्हा मान कोणाचा वाढतो? या जुन्या प्रश्नाचे एक उत्तर मोगल चित्रकार बिचित्र याने १६१५ ते १६१८ च्या सुमारास कागदावर रंगवून ठेवले आहे.

वाळूच्या घड्याळाच्या आसनावर जहांगीर बादशहा बसला आहे. समोर पांढऱ्या दाढीचे अजमेरचे शेख हुसेन. त्यांच्या खाली तुर्की सुलतान, त्याच्याही खाली इंग्लंडचा राजा जेम्स. राजे ताटकळले आहेत आणि बादशहा ग्रंथ देतो आहे तो शेखांना. केवढा हा विनय! पण जरा निरखून पाहावे. सूर्यचंद्रांचे भव्य तेजोवलय आहे बादशहाच्या मस्तकामागे; उंचावर बसला आहे तोही बादशहाच. संताला मान दिल्याचे श्रेयसुद्धा राजाने आपल्याच पदरात पाडून घेतले! शेख मात्र ग्रंथ उघड्या हातांनी घेत नाहीत, वस्त्रावर झेलतात. ती दरबारी अदब असेल. मला त्यात थोडे अंतर राखणेही दिसते.

हे अंतर किती राखावे, हा पेच आपल्या पवना-इंद्रायणीच्या काठीही पडला होता. चिंचवडच्या मोरया गोसावींच्या घराण्याची आख्यायिका अशी की, औरंगजेबाने नारायण देवांची परीक्षा पाहण्यासाठी झाकलेल्या ताटातून मांस पाठवले. वस्त्र दूर करताच त्याची जाईची फुले झाली आणि बादशहाने आठ गावे इनाम दिली. इकडे देहूला तुकोबांनी शिवाजी महाराजांचा नजराणा परत केला, अशी परंपरा सांगते.

तुकोबा थोर आणि चिंचवडकर उणे, हा निवाडा सोपा खरा, पण न्यायाचा नव्हे. नाकारणाऱ्याचे मन मोकळे राहते. स्वीकारणाऱ्याच्या पंक्तीला भुकेला जेवू शकतो. मात्र इनामगावांचा सारा ज्याच्या घामातून येतो, तो कुणबी चित्रात नसतो आणि आख्यायिकेतही नसतो. तेव्हा कसोटी दोनच: घेतलेले कोणाच्या मुखी गेले, आणि घेतल्यावर खरे बोलायला जीभ मोकळी राहिली का?

आता पिंपरीपासून चाकणपर्यंत कारखाने उभे आहेत. बादशहा गेले, देणगीदार आले. आणि देवळाच्या पायरीवर नाव कोरून घेण्याची हौस तर आपणां सर्वांनाच आहे. बिचित्रच्या चित्रात देवदूत घड्याळावर बादशहाला हजार वर्षांचे राज्य चिंतीत आहेत. जहांगीर १६२७ मध्ये वारला.

या दिवाळीत कोणाच्या दारी फराळाचे ताट पाठवाल, तर एवढेच पाहा: त्याला ते मान ताठ ठेवून घेता यावे.