हे कसं काढलंस?

जून २०१९मध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं आणि महाराष्ट्रातल्या मोठ्या माणसांची चांगलीच करमणूक झाली. एकवीसला ‘वीस एक’, बासष्टला ‘साठ दोन’ म्हणण्याची सोय त्यात होती. व्हॉट्सअॅपवर विनोदांचा पाऊस पडला, मराठी बुडाली म्हणून अग्रलेखी सूर लागले, मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वरून विधानसभेत हशा पिकला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही रीती पुस्तकात आहेत. कानडी-तेलुगूत आधी दशक बोलतात, मग एकक, त्यामुळे तिथल्या मुलांना ऐकलेलं लिहिताना उलटापालट करावी लागत नाही. पण ते ऐकून घ्यायला सवड कुणाला होती?

नव्या रीतीने मराठी अंकनावांचा ठेका जातो, ही तक्रार मला अगदीच गैरलागू वाटत नाही. खटकतं ते निराळंच. इतक्या गदारोळात सात वर्षांचं मूल ‘पंचवीस’ ऐकून काय करतं, हे पाहायला फारसं कुणी गेलं नाही. ते मूल ‘पंच’ आधी ऐकतं, म्हणून पाच आधी लिहितं आणि वहीत ५२ उमटतात. ‘एकोणसाठ’मधलं साठ त्याच्या कानाला ठळक लागतं, मग सुरुवात सहापासून होते. आपण याला धांदरटपणा म्हणतो. खरं तर ते पोर कानाशी अगदी इमानदार असतं.

मुलांच्या चुका अशाच असतात. त्यांना कारण असतं आणि ते कारण बहुतेक वेळा शोधता येतं. तिसरीच्या वर्गातलं एक साधं उदाहरण घ्या: ५२ वजा २७. उत्तर २५. दोन मुलांनी मात्र ३५ लिहिलं आहे. पहिल्या मुलीने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढला: सातातून दोन गेले, राहिले पाच, पाचातून दोन गेले, राहिले तीन. दुसऱ्या मुलाने दशक सुटा केला, बारातून सात काढून पाच आणले, पण पाच दशकांतला एक आता खर्ची पडला आहे हे विसरला आणि पाचातून दोन काढून तीन लिहून मोकळा झाला. दोघांच्या वहीत तेच ३५, तीच लाल फुली. मुलीला दशक सुटा करण्याची कल्पनाच पोचलेली नाही, तिला पुन्हा काड्यांच्या गठ्ठ्यांपासून सुरुवात करायला हवी. मुलाला सगळं कळलं आहे, त्याला फक्त वरचा अंक खोडून नवा लिहायची सवय हवी. बाईंनी ५२च्या जागी ५३ दिले असते तर मुलीचं उत्तर ३४ आलं असतं आणि मुलाचं ३६, म्हणजे फळ्यावर एक अंक बदलून निदान झालं असतं. आणि तेही सुचलं नाही, तर विचारायचं, ‘हे कसं काढलंस?’

हा प्रश्न आपल्या वर्गांत इतका कमी ऐकू येतो की तो आला तर मुलं दचकतात. ‘कसं काढलंस’ म्हणजे चुकलं असणार, असं समजून निम्मी मुलं उत्तर देण्याआधीच खोडरबर हातात घेतात. वर्गात खरा चालतो तो दुसरा प्रश्न, ‘समजलं का?’ आणि त्याचं उत्तर एका सुरात ठरलेलं असतं, ‘हो सर!’ पाचवी-सहावीपर्यंत मूल या खेळात तयार होतं. हात वर केला तर वेळ जातो, मागच्या बाकावरून हसू येतं आणि कदाचित ‘लक्ष कुठं होतं?’ हेही ऐकावं लागतं. मग शेजारच्याची वही, मग गाईड, मग दहावीला ‘अपेक्षित’ प्रश्नांचा संच आणि प्रमेयाची सिद्धता ओळीनं पाठ. याला आपण घोकंपट्टी म्हणून नावं ठेवतो. पण मुलाच्या जागी बसून पाहिलं तर त्याने परिस्थिती बरोबर ओळखलेली असते: न समजणं महाग आहे, समजल्याचं दाखवणं स्वस्त.

ही महागाई वर्गाबाहेरून येते. २०१८मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेने द्यायचे गुण काढून टाकले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत आले, २०२०ला निकाल ९५.३० टक्के. या तीन वर्षांत महाराष्ट्रातली मुलं आधी मंद झाली आणि मग एकाएकी हुशार झाली, असं कुणी म्हणणार नाही. हलली ती गुणांची पट्टी. ‘अनुत्तीर्ण’ हा शब्दही गुणपत्रिकेवरून पुसून तिथे ‘कौशल्य विकासास पात्र’ असं छापलं गेलं. हेतू चांगला होता. पण गल्लीतल्या कुणालाही त्याचा अर्थ विचारावा लागला नाही. ताण कमी करायचा म्हणून आपण निकाल सैल करतो, शब्द मऊ करतो. मुलाला नेमकं कुठं अडलं, हा प्रश्न मात्र तसाच पडून राहतो आणि अकरावीत भौतिकशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणात त्याला गाठतो.

यावर काहींचा उपाय असतो, अवघड असेल ते काढूनच टाका. मला तो पटत नाही. अवघडपणा आणि ताण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे आपलं शिक्षण एकदा कडक, एकदा ढिलं असं हेलकावत राहिलं. रॉबर्ट ब्यॉर्क या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९४मध्ये मांडलं की शिकताना थोडं अडखळणं हिताचं असतं, त्याने शिकलेलं टिकतं. २००६मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात जास्त राहिलं होतं. म्हणजे चाचणी हे शिकण्याचंच साधन आहे, आणि उत्तमपैकी साधन आहे.

लातूर पॅटर्नचा विचार मी याच अंगाने करतो. त्याला हिणवणं ही पुण्या-मुंबईतली एक जुनी हौस आहे. मराठवाड्यातल्या मुलांनी बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांत जागा मिळवली, त्यामागे सततच्या सराव चाचण्यांचा मोठा वाटा होता आणि तेवढ्यापुरती ती पद्धत शास्त्राला धरूनच होती. बिघाड झाला तो चाचणीनंतरच्या व्यवहारात. आज गावोगावच्या क्लासेसमध्ये रविवारी पेपर होतो आणि सोमवारी क्रमवार यादी पालकांच्या ग्रुपवर पडते. वरचे चाळीस एका बॅचमध्ये, बाकीचे दुसऱ्या. अशा वेळी आठवून लिहिणं बाजूला पडतं, उरतं ते लाज राखणं. न येणारा प्रश्न तपासून पाहण्याऐवजी मूल तो प्रश्न लपवायला शिकतं. केंद्र सरकारने जानेवारी २०२४मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात चाचणीचे निकाल जाहीर करू नयेत असं म्हटलं आहे. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुणांवरून बॅचेस पाडणं आणि मुलांना चारचौघांत अपमानित करणं शक्यतो टाळायला सांगितलं. जे शिक्षकाच्या समजुतीत असायला हवं, ते न्यायालयाला सांगावं लागलं.

मुलाच्या वागण्यामागचं कारण आधी शोधायचं असतं, हे कळलेली माणसं आपल्याकडे पूर्वीच होऊन गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं काम केलं. वारली मुलं शाळेत टिकत नव्हती. त्या काळच्या रीतीप्रमाणे ‘यांना शिक्षणाची गोडीच नाही’ असा शेरा मारून मोकळं होता आलं असतं. या दोघींनी मुलं जातात कुठं ते पाहिलं. मोठी मुलं गुरांमागे असत, मुली धाकट्या भावंडांना सांभाळत. मग गुरं चरतात तिथं कुरणशाळा निघाली आणि भावंडांसकट मुलींना येता यावं म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. मुलांचं पळून जाणं हे त्यांनी शाळेला आलेलं उत्तर मानलं आणि शाळा दुरुस्त केली.

शिक्षक म्हणतील, बोलणं सोपं आहे. वर्गात साठ मुलं, पोर्शन संपवायचा, त्यात निवडणुकीचं काम आणि रोजची ऑनलाइन माहिती. प्रत्येकाला ‘कसं काढलंस’ विचारत बसलो तर वर्ष पुरणार नाही. हे खरं आहे. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक म्हटलं आहे, ते कागदावर न ठेवता वर्गात आणणं हे सरकारचं काम आहे आणि ते शिक्षकाच्या सद्भावनेवर ढकलता येणार नाही. तरीही साठांना विचारायची गरज नसते. साठ वह्यांत चुकांचे प्रकार बहुधा चार-पाचच असतात. तीन मुलांना विचारलं की त्यांतले बरेचसे हाती लागतात, आणि उरलेली सत्तावन्न मुलं कान देऊन ऐकत असतात, कारण चुकलेल्याला ओरडा न बसता प्रश्न विचारला गेला, ही त्यांच्यासाठी बातमी असते.

तेव्हा येत्या घटक चाचणीचे पेपर वाटताना एकदा एवढं करून पाहा: गुण लिहायचे नाहीत. चुकलेल्या उत्तराला फक्त खूण करायची आणि मुलालाच लिहायला सांगायचं की मी हे असं का केलं. गुण दुसऱ्या दिवशी द्या. आणि पालकांनो, त्या दिवशी मूल घरी आलं की ‘किती मिळाले?’ हा प्रश्न एक दिवस राहू द्या.