पाठीवर वारा, डावा हात पसरलेला

सकाळचे साडेआठ वाजत आले आहेत असे समजा. गोव्यातल्या वाळपईच्या बाजारात दुकाने उघडताहेत, कदंबची बस होंड्याच्या बाजूने निघाली आहे. तुम्ही अंगणात असाल, सोप्यावर असाल, खिडकीशी असाल, तिथेच बसा. श्वास आपल्या चालीने चालू द्या. करायचे एवढेच की वारा कुठून येतो आहे ते पाहायचे. पोफळीचे शेंडे कुठे झुकतात? गालाची कोणती बाजू गार लागते? उत्तर लगेच सुचले तर त्यावर विश्वास ठेवू नका. आणखी थोडा वेळ बसा.

याच घटकेला कुणीतरी पर्जन्यमापकातले पाणी मोजपात्रात ओतत असतो. काल सकाळी साडेआठपासून आज साडेआठपर्यंतचा पाऊस, अशी आपल्याकडची मोजणी. वाळपईचा पाऊसही असाच मोजला जातो आणि एका वर्षात चार हजार मिलिमीटर ओलांडणे या गावाला नवे नाही. त्याच वेळी मुरगावला, वेंगुर्ल्याला, रत्नागिरीला, खाली होन्नावरला आणि पार लक्षद्वीपमधल्या अमिनी बेटावर कुणी ना कुणी हवेचा दाब वाचतो, वाऱ्याची दिशा आणि वेग लिहितो, आभाळाचा किती भाग ढगांनी भरला आहे ते ठरवतो. यांतले कुणी एकमेकांना ओळखत नसतील. डोळे मिटून या माणसांना एकेक करून मनात आणा. घाई करू नका. प्रत्येकाच्या समोर एक वही आहे आणि प्रत्येकाला फक्त आपल्या डोक्यावरचे आभाळ दिसते आहे.

आता समुद्राकडे या. वाळपईतून समुद्र दिसत नाही. तो सरळ रेषेत सुमारे चाळीस किलोमीटर दूर, मांडवीच्या तोंडाशी आहे. तिथून आणखी पश्चिमेला मालवाहू जहाजांची वाट आहे. त्यांतल्या काही जहाजांवरचे अधिकारी आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे साडेपाच, सकाळी साडेअकरा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेअकरा या वेळांना दाब, वारा, लाटांची उंची, पाण्याचे तापमान लिहून किनाऱ्याला कळवतात. जागतिक हवामान संघटनेच्या या योजनेत जहाजे स्वेच्छेने भाग घेतात. मला या कामाविषयी फार आदर वाटतो. हेलकावणाऱ्या जहाजावर उभे राहून रात्री साडेअकराला लिहिलेला आकडा उद्या कुणाच्या उपयोगी पडणार, हे लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही.

16 मे 2021, रविवार, हा दिवस आठवा. ज्यांना तो आठवतो त्यांना वेगळे सांगायला नको. 14 मे रोजी लक्षद्वीपच्या आसपास कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाले, त्याचे चक्रीवादळ झाले आणि म्यानमारने सुचवलेले ‘तौक्ते’ हे नाव त्याला मिळाले. रविवारी पहाटे साडेपाचला त्याचा मध्य पणजीच्या पश्चिम-नैऋत्येला सुमारे 130 किलोमीटरवर होता. वादळ गोव्याच्या जमिनीवर आलेच नाही. समुद्रातून उत्तरेकडे सरकत 17 तारखेच्या रात्री गुजरातच्या उना-दीव भागात धडकले. तरी गोव्यात शेकडो झाडे पडली, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावे अंधारात राहिली.

त्या पहाटे तुम्ही मोकळ्या माळावर उभे आहात असे मनात आणा. वाऱ्याकडे पाठ करा. डावा हात बाजूला सरळ पसरा. आपल्या उत्तर गोलार्धात वादळाभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, म्हणून वाऱ्याकडे पाठ केली की कमी दाबाचा मध्य डाव्या हाताला, किंचित पुढच्या अंगाला असतो. बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने 1857 मध्ये हा नियम मांडला. पहाटे वारा आग्नेयेकडून येत होता असे धरा. पाठ केली की तोंड वायव्येला, हात नैऋत्येला, समुद्राकडे. वादळ उत्तरेला सरकत जाईल तसा वारा दक्षिणेकडून येऊ लागतो, हात पश्चिमेला फिरतो. मग वारा नैऋत्येचा होतो आणि हात वायव्येला, कोकणाच्या पुढच्या किनाऱ्याकडे जातो. भोवरा तुमच्या डाव्या अंगाने निघून गेला. तो एकदाही दिसला नाही, आणि तरी तुमचा हात त्याच्याबरोबर फिरत राहिला.

इथे थांबा. तोच हात पुन्हा मनात पसरा आणि स्वतःला विचारा, या हाताला काय कळले?

दिशा कळली. अंतर कळले नाही. वादळ पन्नास किलोमीटरवर आहे की दोनशे, हे एका जागी उभे राहून सांगता येत नाही. त्यासाठी दुसरा कुणी हवा, वेंगुर्ल्याला किंवा भर समुद्रात एखाद्या जहाजावर, ज्याने त्याच वेळी आपल्या वाऱ्याकडे पाठ केली असेल. दोघांच्या रेषा जिथे छेदतात तिथे मध्य. तिसरी रेषा आली की पहिल्या दोघांची चूक उघडी पडते. आणि वेळ तीच हवी. एकाने साडेपाचला पाहिले आणि दुसऱ्याने सातला, तर मधल्या दीड तासात वादळ पुढे गेलेले असते. म्हणून त्या ठरलेल्या वेळांना इतके महत्त्व आहे.

वाळपईत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट मनाशी घोळवावी. सत्तरीत डोंगर जवळ आहेत. म्हादईच्या खोऱ्यात शिरलेला वारा खोऱ्याच्या वळणाने वाहतो. दरीत उभे राहिलात तर जो वारा अंगाला लागतो तो दरीचा असतो, वादळाचा नव्हे. मग मान वर करून ढगांचे धावणे पाहायचे. आपण ज्या घळीत उभे असतो तिचे वळण आपल्या सांगण्यात उतरते, हे ओळखून नोंद करणारा माणूस मला सर्वांत भरवशाचा वाटतो. पेडण्याच्या केरीचा मासेमार आणि सत्तरीच्या केरीचा बागायतदार एकाच वादळात असतील, पण त्यांचे वारे वेगवेगळे असतील, आणि दोघेही खरे सांगत असतील.

दाबाचेही तसेच. आपल्या उष्ण प्रदेशात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास वर, दुपारी चारच्या सुमारास खाली. दुपारी काटा उतरला म्हणून घाबरायचे नसते. ही रोजची भरती-ओहोटी वजा करून दाब नेहमीपेक्षा तीन हेक्टापास्कलने कमी दिसला तर खलाशी सावध होतो. पाचने कमी दिसला तर वादळ आहे असेच धरून चालतो. रोजचे माहीत नसेल तर वेगळे काय ते कळत नाही. म्हणून ज्या हजारो दिवशी काहीच घडले नाही, त्या दिवसांच्या नोंदीही ठेवाव्या लागतात.

कोलकात्यात हेन्री पिडिंग्टन नावाचा एक माजी जहाज-कप्तान होता. 1839 पासून तो बंगालच्या उपसागरातून परतलेल्या जहाजांच्या नोंदवह्या मिळवू लागला. अमक्या दिवशी अमक्या जागी वारा कुठला, दाब किती, हे तो नकाशावर मांडायचा आणि विस्कळीत नोंदींतून वादळाची वाट उभी राहायची. 1848 मध्ये त्याने खलाशांसाठी पुस्तक काढले. त्यासोबत शिंगाचे पातळ पारदर्शक पत्रे होते, त्यांवर वर्तुळे आणि वाऱ्यांचे बाण. पत्रा नकाशावर ठेवायचा आणि आपल्या वाऱ्याशी बाण जुळेपर्यंत सरकवायचा. ‘सायक्लोन’ हे नाव त्यानेच दिले. पुढे 1875 मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. 1928 मध्ये त्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आले आणि शिवाजीनगरची ती इमारत आजही सिमला ऑफिस म्हणून ओळखली जाते. खात्याच्या वादळ-नकाशांत 1891 पासूनचे मार्ग आहेत. पहिला हवामान उपग्रह 1960 मध्ये वर गेला. त्याआधीच्या जवळजवळ सत्तर वर्षांच्या रेषा प्रामुख्याने जहाजांनी आणि किनाऱ्यांनी लिहिलेल्या आहेत.

एक अवघड गोष्ट आता शांतपणे पाहू. इशारे चांगले झाले तशी जहाजे वादळाची वाट सोडू लागली. हे हवेच होते. पण त्यामुळे वादळाच्या मध्याजवळ आता नोंद करणारे कुणी नसते. तिथले अंदाज उपग्रहाच्या चित्रांवरून आणि तरंगत्या यंत्रांवरून बांधावे लागतात. तौक्तेच्या वेळी मुंबई हाय तेलक्षेत्राजवळ पी-305 ही बार्ज मात्र मागे राहिली. तिच्यावर 261 माणसे होती. 17 मे रोजी ती बुडाली. नौदलाने खवळलेल्या समुद्रातून 180 हून अधिक जणांना वाचवले. सत्तरच्या वर माणसे गेली. वादळाची वाट आधी कळण्याचा अर्थ काय, हे या आकड्यांजवळ बसून समजून घ्यावे लागते. इथून लगेच पुढे जाऊ नका.

शेवटी जमिनीवर या. 1821 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या कनेक्टिकट भागात मोठे वादळ झाले. विल्यम रेडफील्ड नावाचा एक गृहस्थ तिथून चालत जात असताना त्याच्या लक्षात आले की घराजवळची झाडे वायव्येकडे पडली आहेत आणि पुढे बऱ्याच अंतरावरची आग्नेयेकडे. एकाच वादळात झाडे उलट दिशांना पडली, तर वारा गोल फिरत असला पाहिजे. पडलेल्या झाडांच्या या साक्षीवर त्याने 1831 मध्ये आपला निबंध छापला.

पुढच्या वादळानंतर तुमच्या कुळागरात, काजूच्या बागेत किंवा रस्त्याकडेला झाड आडवे दिसेल. आधी माणसे सुखरूप आहेत का ते पाहा, विजेच्या तारांपासून लांब राहा. मग करवत लागण्यापूर्वी त्याचा शेंडा कोणत्या दिशेला पडला आहे, ते वहीत लिहा. सोबत गाव, तारीख आणि वेळ लिहा. वेळ नक्की माहीत नसेल तर ‘अंदाजे’ असे स्पष्ट लिहा. वादळ संपल्यावरही हवामानशास्त्रज्ञ सगळ्या नोंदी पुन्हा तपासून त्याचा मार्ग दुरुस्त करतात, म्हणून उशिरा पोचलेली खरी नोंदही कामाला येते.