तटस्थ भिंत

फोटो लावायचा तर भिंत पांढरीच हवी, असं आपण न विचारता धरून चालतो. पांढरी भिंत मध्येमध्ये करत नाही, फोटो आपलं म्हणणं मांडतो. खरंच?

मिशेल शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई विभाग सांभाळायचा. काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार आली. तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारचे रंग काळ्याला फिका पाडत होते. १८३९ साली त्याने यावर ग्रंथच छापला. डोळा कुठलाही रंग शेजाऱ्यांसकट बघतो.

घरात आजीचा कृष्णधवल फोटो आहे असं समजा. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर तिचं पांढरं लुगडं मळकट वाटेल आणि सावल्या आणखी काळ्या होतील. गडद भिंतीवर चेहरा उजळेल. पिवळ्या भिंतीवर राखाडी छटा किंचित निळसर वाटतील. कागदावर मात्र काहीच बदललेलं नसेल.

आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला डिफॉल्ट म्हणतो, तशी ही पांढरी भिंत आहे. डिफॉल्ट हाही निर्णयच असतो, फक्त तो दुसऱ्या कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेला असतो. आल्फ्रेड स्टिग्लिट्झने १९०५ साली न्यूयॉर्कमध्ये फोटोंसाठी गॅलरी उघडली, तेव्हा एका खोलीच्या भिंतींना ऑलिव्हकडे झुकणारं राखाडी गोणपाट लावलं. लहान खोलीत फिकट गोणपाट होतं, हलक्या माउंटवरच्या प्रिंटांसाठी. प्रिंट लक्षात घेऊन भिंती ठरवल्या होत्या.

कुठलीच भिंत तटस्थ नसेल, तर कुठलाही रंग चालेल का? मला तसं वाटत नाही. पूर्ण निःपक्ष कुणालाच होता येत नाही, म्हणून न्यायाने वागायची जबाबदारी संपत नाही. रंगाचा नमुना पुठ्ठ्यावर लावून फोटोमागे धरता येतो. सकाळच्या उजेडात बघता येतो, रात्री दिव्याखाली बघता येतो. सोफ्याला काय शोभेल, याआधी फोटोला काय हवंय हे विचारता येतं.

कारण फोटोतल्या माणसाला यात मत नसतं. आजी आता सांगू शकत नाही की माझं लुगडं इतकं मळकं नव्हतं. पुढच्या पिढीला ती तशीच दिसेल, जशी आपल्या भिंतीने दाखवली. रंग निवडताना आपण तिच्या वतीने बोलत असतो, एवढं तरी लक्षात असावं.